चार संघांची लीग



ज्याने आयुष्य कामगार संघटनेत घालवले, त्याने वसंत व्याख्यानमालेत ऑस्ट्रेलियातील स्त्रियांच्या फुटबॉलवर बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. खेळाच्या मैदानावर आमचा अधिकार नाही. परंतु या विषयाची गोडी आम्हांला खेळामुळे लागली नाही. ती संघटनेच्या अंगाने लागली. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात अवघ्या चार संघांनी मिळून स्त्रियांची फुटबॉल लीग काढली. पस्तीस वर्षांत तिचे चाळिसांहून अधिक क्लब झाले. आणि ऐन भरभराटीच्या काळात, २०१६ साली, ती लीग विसर्जित झाली. ती हरली म्हणून विसर्जित झाली, की जिंकली म्हणून? हा आजचा आमचा प्रश्न आहे.

प्रथम खेळाची ओळख करून देऊ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. याचे पहिले लेखी नियम मेलबर्न शहरात १८५९ साली झाले. मैदान लंबवर्तुळाकार, म्हणजे बहुधा क्रिकेटचेच, चेंडूही लांबट. तो लाथेने मारता येतो, हातात घेऊन पळता येते, मुठीने ठोसून सोबत्याकडे देता येतो. प्रत्येक टोकाला चार उंच खांब असतात. मधल्या दोघांतून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक गुण. पुरुषांच्या संघात अठरा गडी मैदानावर असतात. स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोळा, आणि चेंडू थोडा लहान. अंगाला अंग भिडवणारा, चिखलात लोळवणारा असा हा खेळ आहे. म्हणूनच 'हे बायकांचे काम नव्हे' असे म्हणणारे तिकडेही कमी नव्हते.

आता आमच्यासारख्या माणसाला आनंद वाटावा अशी गोष्ट सांगतो. या खेळातील स्त्रियांचे जुने संघ क्लबांतून आले नाहीत, कामाच्या जागेवरून आले. १९१५ साली पर्थमध्ये फॉय अँड गिब्सन या मोठ्या दुकानात काम करणाऱ्या मुली मैदानात उतरल्या. १९१८ साली बॅलरॅट गावी लुकास कंपनीच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यातील मुलींनी मेलबर्नच्या सरकारी शिवणकारखान्यातील मुलींशी सामना खेळला. याच लुकासच्या मुलींनी युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ गावाबाहेर जवळजवळ पावणेचार हजार झाडांची रांग लावली. ती आजही तेथे पाहायला मिळते. १९२९ साली ॲडलेडच्या मैदानावर स्त्रियांचा सामना पाहायला ४१,००० माणसे लोटली होती, असे नमूद आहे.

एकेचाळीस हजार! मग १९२९ आणि १९८१ यांच्यामध्ये इतकी वर्षे का गेली? स्त्रिया मधूनमधून खेळल्या, परंतु टिकाऊ लीग का उभी राहिली नाही? भगिनींनो आणि बंधूंनो, गेटसभेला पाच हजार कामगार जमले की नवा कार्यकर्ता हुरळून जातो. मुरलेला कार्यकर्ता विचारतो, पावतीपुस्तकावर नावे किती? गर्दी म्हणजे संघटना नव्हे. ते सामने धर्मादाय निधीसाठी होत. निधी जमला की खांब उपटले, मुली कामावर परत गेल्या. पुढच्या शनिवारी सामना कोणाशी, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. 'पुढचा सामना कधी' याचे लेखी उत्तर म्हणजेच लीग. १९८१ मधल्या चार संघांनी ते लिहून काढले. त्यांचे मोठेपण त्यात आहे.

लीग चालवणे म्हणजे काय, ते जरा उलगडून पाहू. हिवाळाभर दर आठवड्याला सामने व्हायचे. त्यासाठी मैदान हवे, आणि मैदान नगरपालिकेचे. तेथे पुरुषांचे संघ आधी, मुलांचे संघ त्यानंतर. स्त्रियांच्या वाट्याला उरलेली वेळ आणि तुडवून चिखल झालेली जमीन. कपडे बदलण्याच्या खोल्या पुरुषांसाठी बांधलेल्या. न्हाणीघराला आडोसा नाही. पंच हवेत. गोलापाशी उभा राहणारा पंच निराळा, सीमेवर धावणारा निराळा. घड्याळ धरणारा हवा, प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसणारे माणूस हवे, विमा हवा. आणि हे सारे करायला पगारी माणूस एकही नाही. जी सकाळी खांबांना गाद्या बांधते, तीच दुपारी खेळते, आणि संध्याकाळी तीच निकाल कळवते. आपल्याकडे याला घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात. जगात कोठेही जा, टिकाऊ संस्थेच्या पायात अशा भाकऱ्याच असतात.

डेबी ली यांचे नाव येथे घेतले पाहिजे. त्या याच लीगमध्ये तीनशेच्या वर सामने खेळल्या, आणि त्याच लीगच्या अध्यक्षही झाल्या. २०२१ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सन्मान-दालनात प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. खेळणारीनेच कारभार पाहायचा, ही रीत आम्हांला फार महत्त्वाची वाटते. यंत्रावर उभा राहणारा कामगार जेव्हा कार्यकारिणीत असतो, तेव्हा युनियनचा ठराव हवेत राहत नाही.

आता वाढीचा प्रश्न. सामान्य समजूत अशी, की चांगला खेळ झाला की लीग आपोआप वाढते. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. लीग वाढते ती तिच्यातला सर्वांत दुबळा संघ टिकला तर. हे नीट ध्यानात घ्या. नव्या गावात वीस बाया जमतात. त्यांतल्या निम्म्यांनी चेंडू कधी हातात धरलेला नसतो. पहिल्याच महिन्यात त्यांची गाठ मुरलेल्या संघाशी घातली, तर शंभर गुणांनी हार होते. दुसऱ्या आठवड्यात पंधरा येतात, चौथ्या आठवड्यात नऊ. मग सामना सोडून द्यावा लागतो. ज्यांच्याशी सामना होता तो संघही घरी बसतो, आणि पुढल्या वर्षी दोन्हीकडची माणसे कमी होतात. बलवान संघाला वाटते आपण जिंकलो. वास्तविक त्याने आपला प्रतिस्पर्धी गमावलेला असतो, आणि प्रतिस्पर्ध्यावाचून खेळ कसला?

यावर उपाय तीन. पहिला, संघांची बळानुसार वर्गवारी. व्हिक्टोरियाच्या लीगने हळूहळू अनेक श्रेणी पाडल्या. नवख्यांनी नवख्यांशी खेळावे, बळ वाढले की वर चढावे. दुसरा, माणसे कमी पडली तर दोन्ही बाजूंनी गडी कमी करून सामना खेळणे, परंतु सामना रद्द न करणे. तिसरा, खालून भरती. हा तिसरा उपाय सर्वांत कठीण होता, आणि त्याची कथा न्यायालयात गेलेली आहे.

व्हिक्टोरियात मुली लहानपणी मुलांच्या संघातून खेळत. बारा वर्षांची मर्यादा ओलांडली की त्यांना बाहेर काढले जाई; मोठ्या स्त्रियांच्या लीगमध्ये घ्यावे तर वय अपुरे. मधली काही वर्षे मुलगी घरी बसे, आणि घरी बसलेली मुलगी बहुधा परत येत नसे. २००३ साली तीन मुलींनी या नियमाविरुद्ध राज्याच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. त्यांत पेनी क्युला-रीड ही एक होती. २००४ च्या निकालाने त्यांचे सगळे म्हणणे मान्य झाले नाही. मोठ्या दोघींना मुलांच्या संघात जागा मिळाली नाही. परंतु दार ठोठावल्याचा आवाज आत पोहोचला होता. त्या पाठोपाठ राज्यात मुलींची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली, आणि तुटलेल्या शिडीला मधली पायरी बसली. पुढे हीच पेनी राष्ट्रीय स्पर्धेत कॉलिंगवुडकडून खेळली. हरलेला दावाही कधीकधी मागणी पदरात टाकून जातो, हे आम्ही लेबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे लोक चांगले जाणतो.

खेड्यापाड्यांची अडचण आणखी निराळी. तिकडच्या छोट्या गावांतून फुटबॉल आणि नेटबॉल यांचा एकच क्लब असतो. पुरुष फुटबॉल खेळतात, स्त्रिया नेटबॉल. गाव लहान, स्त्रिया मोजक्या. फुटबॉलचा संघ काढावा तर नेटबॉलचा मोडेल अशी भीती, आणि ती खोटीही नाही. शिवाय दुसऱ्या गावी जायचे तर मोटारीने लांबचा पल्ला. येथे हुकूम चालत नाहीत, वेळापत्रक चालते. नेटबॉल शनिवारी, तर स्त्रियांचा फुटबॉल शुक्रवारी रात्री किंवा रविवारी ठेवला, तर एकच बाई दोन्ही खेळ खेळू शकते. दोन गावांनी मिळून एक संघ केला तर दोन्ही गावांची नावे राहतात. संघटकाचे निम्मे काम भाषणाचे नसते, तारखा जुळवण्याचे असते.

दुखापतीचाही विचार करायला हवा. गुडघ्यातील आतला स्नायुबंध तुटण्याचा धोका या खेळात स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक असतो. उडी मारून उतरणे, धावताना दिशा बदलणे, अंगावर आलेला धक्का घेणे, हे शिकवणारा व्यायामक्रम ला ट्रोब विद्यापीठाने तेथील फुटबॉल मंडळाबरोबर तयार केला आहे. हे फुकटचे कौतुक नव्हे. गुडघा गेला म्हणजे कित्येक महिन्यांची मजुरी जाते. खेळाडूचे शरीर हेच तिचे हत्यार, आणि हत्याराची काळजी घेणे हे संस्थेचे काम आहे.

आता कथेच्या शेवटाकडे येऊ. पुरुषांच्या बड्या क्लबांना जाग आली. २०१३ साली मेलबर्नच्या विख्यात मैदानावर स्त्रियांचा प्रदर्शनीय सामना झाला, आणि ३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय लीगचा पहिला सामना, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड. २४,५६८ माणसे आत. दारे बंद करावी लागली आणि पुष्कळ लोक बाहेरून परत गेले. पहिल्या वर्षी आठ संघ होते. २०२२ मध्ये अठरा झाले.

आणि मजुरी? २०१६ मध्ये पहिला देकार आला तो तळच्या खेळाडूला हंगामाचे ५,००० डॉलर. खेळाडूंची तिकडे संघटना आहे. तिने वाटाघाटी केल्या आणि तो आकडा ८,५०० वर आला. वरच्या मोजक्या खेळाडूंना २७,०००. २०१९ मध्ये पुढचा करार मतदानाला आला. बहुमत कराराच्या बाजूने होते, पण नियमाप्रमाणे लागणारे पंचाहत्तर टक्के भरले नाहीत, म्हणून तो एकदा परत गेला. २०२३ मध्ये प्रथमच पुरुष आणि स्त्री खेळाडूंचा एकत्र करार झाला, २०२७ पर्यंतचा. बंधूंनो, त्या मुलींना चेंडू कसा झेलावा हे क्लबाने शिवकले असेल; 'नाही' कसे म्हणावे हे त्या संघटनेत शिकल्या.

परंतु या उजेडाला एक सावली आहे. २०१६ साली जुनी राज्य लीग विसर्जित झाली. वरच्या दहा संघांची नवी राज्य स्पर्धा निघाली, बाकीचे क्लब स्थानिक लीगांत वाटले गेले. नव्या स्पर्धेत बड्या क्लबांचे संघ उतरले, आणि २०१८ पर्यंत पुष्कळ जुने स्वतंत्र क्लब त्या पंगतीतून उठले. डेअरबिन फाल्कन्स हा १९९० साली स्थापन झालेला क्लब. २००६ ते २०१० आणि २०१३ ते २०१७ असा दोनदा सलग पाच वर्षे विजेता. तो पंगतीत राहिला, परंतु त्याच्या खेळाडू बड्या क्लबांकडे गेल्यावर ते दिवस परत आले नाहीत.

कोणी याला आयत्या बिळावर नागोबा म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. ते निम्मेच सत्य होईल. बड्या क्लबांनी पैसा आणला, डॉक्टर आणले, छापील तिकिटे आणली. ज्या मुलीला पूर्वी राज्याकडून खेळायला स्वतःच्या खिशातून प्रवासखर्च द्यावा लागे, तिला आज पगार आहे. हे कोणी नको म्हणावे? परंतु आमचे म्हणणे इतकेच, की संस्था मोठ्या संस्थेत विलीन करताना तीन गोष्टी कागदावर हव्यात. खालच्या क्लबांचा निर्णयात मतांचा वाटा. वर गेलेल्या प्रत्येक खेळाडूमागे तिला घडवणाऱ्या क्लबाला काही मोबदला. आणि वरचा तमाशा तोट्यात गेला तरी खालची मैदाने चालू राहतील याची हमी. विलीनीकरणाच्या दिवशी हार-तुरे असतात, फोटो निघतात. त्या दिवशी अटी मागणारा माणूस अपशकुनी दिसतो. पण अटी मागण्याचा दिवस तोच असतो. दुसऱ्या दिवशी हातात काही उरत नाही.

आरंभी विचारले, ती लीग हरली की जिंकली? आम्हांला वाटते, तिचे उद्दिष्ट जिंकले आणि तिची संस्था संपली. अशी गत चांगल्या संस्थांच्या नशिबी अनेकदा येते, आणि त्यात लाज नाही. मात्र हिशेब अजून पुरा झालेला नाही. राष्ट्रीय स्पर्धेला खेळाडू पुरवणाऱ्या खेड्यातल्या मैदानावर दिवे आहेत की नाहीत, कपडे बदलायला बंद खोली आहे की नाही, नवख्या संघाला चौथ्या आठवड्यातही सामना मिळतो की नाही, यावर तो पुरा व्हायचा आहे. प्रेक्षक वरच्या मजल्याकडे पाहतात. इमारत तळमजल्यावर उभी असते.

आपल्या गावातही मुली कबड्डी, खो-खो, क्रिकेट खेळतात. त्यांचे कौतुक करायला आपण जरूर जावे. परंतु जाताना एक प्रश्न घेऊन जावा: पोरींनो, तुमचा पुढचा सामना कधी आहे? त्यांना त्याचे उत्तर देता आले नाही, तर टाळ्या वाजवून घरी येऊ नये. चारजणांनी तेथेच बसावे आणि तारीख ठरवावी. चार पुरतात. तिकडेही चारच संघ होते.