घर बांधावे, पण हिशेब मांडून
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी काही इंजिनिअर नाही. माझी सारी नोकरी एका कचेरीच्या लेखा शाखेत गेली. दुसऱ्यांची बिले तपासणे आणि रकमांवर लाल शाईने खुणा करणे, हेच माझे काम होते. आणि अशा माणसाचाच स्वतःच्या घराचा हिशेब चुकला. ती चूक तुमच्यापैकी कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठीच आज मी बोलावयास उभा आहे.

सन २००९ मध्ये मी गावाकडे पाचशे फुटांचे घर बांधावयास काढले. ठेकेदाराने सातशे रुपये फूट हा दर सांगितला. म्हणजे साडेतीन लाख झाले. माझ्याजवळ अडीच लाख होते आणि एक लाख पतपेढीतून काढले. हिशेब तंतोतंत जुळला, म्हणून मला आनंद झाला. खरे तर तो तंतोतंत जुळला हीच धोक्याची खूण होती!

आमची जमीन काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या भिंतींना तडे पाडते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. आम्ही तीन फूट धरले होते, मुरूम लागला सहा फुटांवर. तिथेच पंचेचाळीस हजार जास्त गेले. पुढे शौचालय व त्याची टाकी अठ्ठावीस हजार, उन्हाळ्यात टँकरचे पाणी बारा हजार, वरची टाकी, नळ आणि विजेचे मीटर मिळून वीस हजार, खिडक्यांच्या जाळ्या व रंग पंचवीस हजार. यांपैकी काहीही त्या सातशे रुपयांत नव्हते. मी विचारले नव्हते, त्याने सांगितले नव्हते. साडेतीन लाखांचे घर चार लाख ऐंशी हजारांवर गेले.

स्लॅब पडला तेव्हा हातातला पैसा संपला होता. माझ्या पत्नीने काही न बोलता आपले दागिने गहाण टाकावयास काढून दिले. मुलीच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी ठेवलेली रक्कम विटांत आणि गिलाव्यात गेली. तिचे एक वर्ष वाया गेले. पुढे ती शिकली, आज ती नोकरी करते. पण ते वर्ष मी तिला परत देऊ शकलो नाही. बंधूंनो, घराच्या अंदाजपत्रकात चूक झाली की तिची किंमत घरातले सर्वांत गप्प राहणारे माणूस भरते, हे मी त्यावेळी शिकलो.

आता अनुभवातून आलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. दर ठरविण्यापूर्वी जागेवर एक खड्डा खणून पाहा. दोन मजुरांची एका दिवसाची मजुरी जाईल, पण पाया किती खोल जाणार हे कळेल.

दुसरी गोष्ट. 'अमुक रुपये फूट' या शब्दावर विसंबू नका. दरात काय आहे आणि काय नाही, हे दोन रकान्यांत कागदावर लिहून दोघांनी सही करा. जिना, सज्जा आणि गच्ची फुटांत धरली आहे काय? सिमेंट व सळई कोणती? फरशी किती रुपयांपर्यंतची? सेंट्रिंग कोणाकडे? स्लॅबवर किमान सात ते दहा दिवस पाणी मारावे लागते, ते पाणी कोण देणार? माल स्वतः आणणार असाल तर मोजून घ्या. वाळू-खडीचा एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणा आणि शंभराने भागा. दहा फूट लांब, पाच फूट रुंद व दोन फूट उंच भरलेली ट्रॉली म्हणजे एक ब्रास. बारा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई सुमारे साडेदहा किलो भरते. सळया मोजल्या की वजनाची पावती खरी की खोटी, हे घरीच कळते.

तिसरी गोष्ट. पैसा कामाच्या टप्प्याने द्या. जोते झाले, इतके. स्लॅब झाला, इतके. आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत राखा. प्रधानमंत्री आवास योजना किंवा रमाई आवास योजनेचे अनुदानही टप्प्याटप्प्यानेच खात्यात येते. तेव्हा मधल्या दिवसांत काम चालू ठेवण्यापुरते पैसे हाताशी हवेत, नाहीतर सावकाराचे दार दिसते. कर्ज काढताना केवळ हप्ता पाहू नका. नऊ टक्क्यांनी दहा लाख वीस वर्षांसाठी घेतले तर महिना सुमारे नऊ हजार पडतात. पंधरा वर्षांसाठी सुमारे दहा हजार दीडशे. महिन्याचे साडेअकराशे वाचविण्यासाठी एकूण तीन लाखांहून अधिक व्याज जादा जाते.

चौथी गोष्ट राखीव रकमेची. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले: एक उपभोगाला, दोन उद्योगाला आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी. घर बांधतानाही हा चौथा भाग विसरू नये. अंदाज निघाला की त्यावर निदान पंधरा टक्के वेगळे ठेवा. तेवढे नसतील तर घर लहान करा. चार अर्धवट खोल्यांपेक्षा दोन पुऱ्या खोल्या बऱ्या. आणि मुलांच्या शिक्षणाचा पैसा या हिशेबात धरूच नका. तो घराचा पैसा नाही.

जुन्या घराची दुरुस्ती करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आधी गच्चीची गळती, मग नळ व वायरिंग, मग गिलावा आणि फरशी, आणि रंग सर्वांत शेवटी. पाहुणे येणार म्हणून आधी रंग काढणाऱ्यांनी तोच खर्च पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा केलेला मी पाहिला आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांचे आयुष्य कुडाच्या भिंतीत गेले. म्हणून पक्के घर ही आपल्याला केवळ सोय वाटत नाही, ती मानाची गोष्ट वाटते. तो मान कर्जाच्या ओझ्याखाली दबू नये, एवढीच माझी विनंती आहे. मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी मी असतो. ज्यांना घर बांधावयाचे आहे त्यांनी वही घेऊन यावे, आपण मिळून हिशेब मांडू.

 जय भीम!