पारावरच्या पोरासाठी एक रकाना



दहावीचा निकाल लागला की गावात पेढे वाटले जातात, पहिल्या आलेल्याचा सत्कार होतो. ते योग्यच आहे. पण जो नापास झाला, तो त्या दिवशी कुठे असतो, याची चौकशी कोण करतो? चार दिवस तो घरात तोंड लपवतो आणि पाचव्या दिवशी पारावर येऊन बसतो. तिथे तंबाखूची पुडी मिळते, पत्त्यांचा डाव मिळतो. पुढं काय होतं, हे आपण सारेच जाणतो. मुलगी असली तर ती पारावरही दिसत नाही. ती घरातच अडकते, आणि सोळाव्या वर्षीच तिला पाहायला पाहुणे येऊ लागतात.

बीडसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आईबापांबरोबर गेलेले पोर उन्हाळ्यात परतते, तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. या मुलांना आपण 'वाया गेलेली' म्हणून मोकळे होतो. खरे म्हणजे त्यांची विचारपूस करायला कुणी नसते.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, कळतं हो सगळं, पण पैसा कुठून आणायचा?" आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावेत, असा आपल्या राज्यात दंडक आहे. समजा, घरपट्टी-पाणीपट्टी धरून पंचायतीचे उत्पन्न चार लाख रुपये आहे. त्यातले चाळीस हजार या कामाचे. त्यांतून चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी वीस हजार मागितले, तर ते जास्त होतील काय? गावातल्याच एखाद्या शिकलेल्या, शांत स्वभावाच्या माणसाला किंवा बाईला महिन्याला दीड हजार रुपये मानधन द्या. दहा महिन्यांचे पंधरा हजार झाले. उरलेल्या पाच हजारांत कबड्डीचे सामान, चार पुस्तके आणि तालुक्याला जाण्याचे एस.टी.भाडे निघेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेची एक खोली उघडायची. आधी खेळ, मग अभ्यास, मग गप्पा. मुलींसाठी वार आणि वेळ वेगळी ठेवा, म्हणजे आया त्यांना पाठवतील.

इथे एक गोष्ट ध्यानात धरा. पैसा म्हटला की आपल्याला सभागृह आठवते, व्यायामशाळेची इमारत आठवते. इमारत उभी राहते, फीत कापली जाते आणि दाराला कुलूप लागते. पोराशी बोलायला भिंत येत नाही, माणूस लागतो. म्हणून पहिला खर्च माणसावर करा.

एस.टी.भाडे कशाला, तेही सांगतो. 2014 साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' आहेत. तिथे समुपदेशक मोफत सल्ला देतात. पण मूल तिथवर पोहोचले तरच त्याचा उपयोग.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमची नजर इथे फार मोलाची आहे. हसतेखेळते पोर एकाएकी गप्प झाले, वरचेवर गैरहजर राहू लागले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, तर त्याला वर्गासमोर उभे करू नका. बाजूला घेऊन विचारा. त्याने सांगितलेले चावडीवर नेऊ नका. मात्र जिवाच्या घाताची भाषा निघाली, तर ती लपवूही नका. घरच्यांना विश्वासात घ्या, त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टर गाठा. 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही मोफत सेवा 2022 पासून रात्रंदिवस चालू आहे. मुलांवरील संकटासाठी 1098 आहे. हे दोन्ही आकडे शाळेच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. आणि नापास झालेल्याला सांगा, की 2015 पासून फेरपरीक्षा त्याच वर्षी होते; सारे वर्ष बुडत नाही.

पुढच्या वर्षीचा गावचा विकास आराखडा ग्रामसभेतच ठरतो. रस्ता, गटार, दिवाबत्ती यांचे रकाने तिथे आपोआप भरतात, कारण ते मागणारे पुष्कळ असतात. पारावरचा पोरगा ग्रामसभेत हात वर करीत नाही. त्याच्या वतीने तुम्ही उठा. 'किशोरवयीन मुलामुलींचे मार्गदर्शन आणि खेळ' असा एक रकाना लिहून घ्या, त्यापुढे रक्कम मांडा, आणि इतिवृत्तात तो ठराव नोंदला आहे की नाही, हे पाहूनच सभेतून उठा.