ज्वारीच्या बुडाला मातीची भर

हदगाव तालुक्यातल्या महिला बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आजचा विषय आहे ज्वारीची मुळं. भरात आलेली ज्वारी वाऱ्या-पावसात आडवी झाली की दाणा काळा पडतो, कडबा सडतो. घरची भाकरी जाते, अन् जनावरांची वैरणही.

बी उगवताना त्याला एकच मूळ फुटतं. बारकं रोप सुरुवातीला त्याच्यावर जगतं, पण डोक्यावर जाणाऱ्या ताटाला ते पुरत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांत खोडाच्या बुडाशी, मातीतल्या पेरांमधून नवी मुळं निघतात. पुढं पाणी अन् खत ओढायचं मुख्य काम हीच करतात. ताट उंच झालं की मातीच्या वरच्या पेरांनाही जाड मुळं येतात. त्यांना आधारमुळं म्हणतात. मक्याला ती ठळक दिसतात. मांडवाच्या खांबाला चारी बाजूंनी दोर ताणावेत, तशी ती ताटाला धरून ठेवतात.

पण ही मुळं ओल्या मातीत शिरली तरच कामाची. माती कोरडी असली की ती तिथंच वाळतात. म्हणून आपल्या हातची कामं वेळेवर व्हायला पाहिजेत.

विरळणीत दोन ओळींत 45 अन् दोन रोपांत 15 सेंटीमीटर अंतर ठेवा. दाटीतली ताटं बारीक राहतात, लवकर लोळतात. खुरपताना बुडाची माती ओढून नेऊ नका, उलट बुडाशी लावा. डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळायला सांगा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ओळींना भर लागते. वर दिसणारी आधारमुळं तोडू नका.

रब्बीत वरची माती लवकर सुकते. तेव्हा तिसऱ्या, पाचव्या अन् आठव्या आठवड्यात कोळपणी करा. भेगा बुजतात, ओल टिकते.

एक ध्यानात ठेवा. रब्बीत ताट बुडाशी मोडलं अन् चिरल्यावर आत काळी भुकटी दिसली, तर तो खडखड्या रोग आहे. तिथं नुसती भर लावून भागत नाही. सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा.

यंदा प्रत्येक गटानं दोन ओळींना भर लावावी, दोन तशाच ठेवाव्यात. कणसं निघाली की दोन्हींकडचं एकेक ताट मुळासकट खणून बैठकीत आणा अन् मुळं मोजा. घरच्या माणसांनाही दाखवा, म्हणजे पुढच्या साली भर लावायचं वेगळं सांगावं लागणार नाही.