यादीतले आपले नाव



आम्ही बँकेत काम करणारी माणसे. पासबुकात एका रुपयाचा फरक दिसला तरी खातेदार काउंटरवर येऊन जाब विचारतो. पण तोच खातेदार मतदार यादीतले आपले नाव पाच-पाच वर्षे बघत नाही. त्यात आम्हीही आलोच. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी विधानसभेच्या मतदानाला आमच्या काकू ठेवणीतले लुगडे नेसून गेल्या आणि तशाच परत आल्या. घर बदलून चार वर्षे झालेली. जुन्या पत्त्यावरचे नाव कमी झाले होते आणि ८ नंबरचा फॉर्म घरात कुणीच भरला नव्हता.

पुढे ४ नोव्हेंबर २०२५ पासून इथे याद्यांची मोठी फेरतपासणी, म्हणजे एसआयआर, सुरू झाली. बीएलओ दारात आले आणि सगळ्या गल्लीची धांदल उडाली. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीतले स्वतःचे, नाहीतर आईवडिलांचे नाव शोधायचे होते. 'काळे' शोधले तर सापडेना, 'काले' शोधले तर सगळे कुटुंब निघाले. हिंदी यादीला आपला ळ ठाऊक नाही. खुद्द होळकरांचे इथे होलकर झाले, तिथे आपली काय कथा!

खरी पंचाईत झाली ती सुनांची. तांदळात नवे नाव लिहायची आपल्याकडे हौस. माहेरची सुनंदा सासरी वैशाली झाली, आणि वडिलांचे नाव सोलापूरच्या यादीत. मग भावाला फोन, भाग क्रमांक, अनुक्रमांक. आम्ही चौघे-पाचजण तीन संध्याकाळी ओट्यावर बसून हेच करत होतो.

काही ज्येष्ठ म्हणतात, आपण मूठभर, आपल्या मताने काय होणार? मंडळी, इंदूर महापालिकेत वॉर्ड ८५. एवढ्याशा वॉर्डात उमेदवाराचा माणूस यादी हातात धरूनच हिंडतो. ज्या घरात नावे नाहीत, त्या घरापुढची तुंबलेली नाली त्याला सर्वांत शेवटी आठवते. आम्ही हे पाहिले आहे.

वडील गेले तरी त्यांचे नाव काढायला मन होत नाही, हे आम्हाला समजते. पण ते तसेच ठेवणे म्हणजे सही केलेला कोरा चेक उघड्यावर टाकणे. त्यासाठी ७ नंबरचा फॉर्म आहे. पुण्या-बंगळुरूला स्थायिक झालेल्या मुलांची नावे मायेपोटी इथेच ठेवणेही बरोबर नाही. नाव एकाच ठिकाणी असावे, असा कायदा आहे. नव्या मतदारांना ६ नंबरचा फॉर्म. १८ वर्षे पूर्ण झाली का, हे आता फक्त १ जानेवारीला नव्हे, तर १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरलाही धरतात.

येत्या रविवारी सकाळी दहापासून मंडळाच्या सभागृहात आम्ही टेबल मांडून बसणार आहोत. येताना वोटर कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि एक फोटो आणावा. सुनांनी माहेरचे नावही लिहून आणावे. चहा मंडळातर्फे.