लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : विशीतल्या मुलाने निर्णय कसा घ्यावा?



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा कामगार कायद्यावर किंवा किमान वेतनावर आम्ही काही बोलू अशी चालकांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा. चालकांनी लगेच फोन करून विचारले, ‘भाऊ, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही?’ चूक झाली नव्हती. आम्ही डॉक्टर नाही हे आम्हांस ठाऊक आहे. आमची शाळा दहावीला सुटली. पुढे जे शिकलो ते जिनिंगच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि वाचनालयातून घरी नेलेल्या पुस्तकांत. पण संघटनेच्या कचेरीत माणसे पगाराचे गाऱ्हाणे घेऊन येतात, तशी घरचीही गाऱ्हाणी घेऊन येतात. हा प्रश्न आमच्यापुढे दोनदा आला, एकदा अमरावतीस आणि एकदा येथे अकोल्यास. दोन्ही वेळा प्रश्न विशीतल्या लेकराचा होता. त्यांपैकी पहिल्याला उत्तर देताना आम्ही चुकलो. ती चूक चारचौघांत सांगावी, म्हणजे दुसरा कोणी ती करणार नाही, एवढ्यासाठी हा विषय घेतला.

अमरावतीच्या बाजारात हमाली करणारे आमचे एक जुने सभासद आहेत. त्यांचा मुलगा तेवीस वर्षांचा, नांदगावपेठच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला. उंची १७० सेंटिमीटर, वजन १२८ किलो. पतपेढीतून कर्ज मिळेल काय, असे विचारायला तो आला. कशासाठी म्हणून विचारले, तर खाली मान घालून म्हणाला, ‘पोटाच्या ऑपरेशनसाठी. वजन कमी करायचं हाय.’

आम्ही हसलो. आम्ही ज्या अमरावतीत वाढलो तिथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. तेथल्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनला जाऊन साऱ्या जगाला आपले देशी खेळ दाखविले. आखाड्याची माती अंगाला लागलेल्या माणसाला पोट कापून बारीक होण्याची कल्पनाच हास्यास्पद वाटते. ‘अरे, पाचला ऊठ, शंभर सूर्यनमस्कार घाल, गिला वडा आणि कचोरी बंद कर,’ असा उपदेश करून आम्ही त्याची बोळवण केली.

पोरगा गुणी. त्याने ते सारे केले. पाच महिन्यांत अकरा किलो वजन उतरले आणि पुढच्या सहा महिन्यांत चौदा किलो परत चढले. एका पहाटे पाळी सुटल्यावर घरी येताना गाडी चालवतानाच त्याचा डोळा लागला आणि तो रस्त्याच्या कडेला पडला. गळपट्टीचे हाड मोडले. डोक्यावर बेतले नाही, एवढे नशीब. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘भाऊ, बाप मले खादाड म्हन्ते, डॉक्टर बिमार म्हन्ते, तुमी आळशी म्हनता. मंग मी हाओ तरी कोन?’

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून आम्ही वाचावयास बसलो, ओळखीच्या डॉक्टरांना गाठले. जे समजले ते आमच्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट मोजमापाची. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागावयाचे. जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. आम्हा भारतीयांसाठी तेवीसच्या पुढे वजन जास्त आणि पंचविसाच्या पुढे लठ्ठपणा, असे डॉक्टर मानतात. कारण आपल्या पोटाभोवती चरबी लवकर साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. या मुलाचा आकडा चव्वेचाळीस होता. एकविसाव्या वर्षीच त्याला मधुमेह निघाला होता. झोपेत त्याचा श्वास अडत असे, रात्रभर शरीर दचकून जागे होत असे, आणि म्हणून दिवसा गाडीवर झोप येई. ज्याला आम्ही आळस म्हटले तो हा आजार होता.

दुसरी गोष्ट अशी की, वजन एकदा फार वाढले म्हणजे शरीर त्या वजनाला धरून बसते. उपास करून दहा किलो उतरविले की शरीर खर्च कमी करते आणि भूक वाढविते. मनुष्य महिना दोन महिने निग्रह करील, पण भूक रोज कामावर हजर असते. व्यायामाने हृदय, सांधे, मन ही सुधारतात हे खरेच, आणि वजन वाढूच नये म्हणून व्यायामासारखा उपाय नाही. परंतु चव्वेचाळीसवर गेलेला आकडा केवळ सूर्यनमस्कारांनी खाली आणून तेथे टिकविणे फार थोड्यांना साधते.

आता शस्त्रक्रिया म्हणजे काय ते पाहू. आज दोन प्रकार अधिक चालतात. एकात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग उभा कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. दुसऱ्यात जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात, त्याला बायपास म्हणतात. केवळ पोट लहान झाले म्हणून वजन उतरते असे नव्हे. पोटातून मेंदूला भुकेचा निरोप नेणारे जे रस असतात तेही बदलतात. म्हणून मधुमेह कित्येकदा वजन पुरते उतरण्याच्या आधीच आटोक्यात येऊ लागतो.

हे शास्त्र काल जन्मले असेही नाही. १९५० नंतर अमेरिकेत आतड्याचा मोठा भाग वगळून जोडणी करीत असत. तिने वजन उतरे, पण यकृत बिघडे, मुतखडे होत, म्हणून ती सोडावी लागली. पुढे १९६६ साली आयोवाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास केला. आज ही कामे दुर्बिणीने, लहान छिद्रांतून होतात. आपल्या विदर्भात या शस्त्रक्रियेचे नाव घरोघर झाले ते २०११ साली, नागपूरचे नितीन गडकरी यांनी ती मुंबईस करून घेतली तेव्हा. पण ते त्या वेळी चौपन्न वर्षांचे होते. तेवीस वर्षांच्या मुलाला याच शस्त्रक्रियेसोबत पुढची पन्नास वर्षे काढावयाची असतात. तरुणाचा प्रश्न निराळा आहे तो येथे.

आम्ही संघटनेची माणसे. करारावर सही करण्यापूर्वी शेवटचे कलमही वाचावे, आणि सही झाली म्हणजे काम संपले असे न समजता अंमलबजावणी तेथून सुरू होते हे ध्यानात ठेवावे, एवढे आम्हांस तीस वर्षांत कळले आहे. ही शस्त्रक्रिया म्हणजे असाच एक जन्मभराचा करार आहे.

मोठ्या अक्षरांतली कलमे चांगली आहेत. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लठ्ठ माणसांचा पाठपुरावा करण्यात आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी, असा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत १९ वर्षांच्या आतील मुलांची आणि प्रौढांची तुलना २०१९ साली छापून आली. बायपासनंतर पाच वर्षांनी, ज्यांना आधी मधुमेह होता अशा मुलांपैकी शेकडा ८६ जणांचा मधुमेह मागे हटलेला होता, प्रौढांत शेकडा ५३. म्हणजे वाट पाहण्यालाही किंमत पडते. ‘अजून लहान आहे, पुढे पाहू,’ हे आपले नेहमीचे उत्तर दर वेळी शहाणपणाचे नसते.

आता बारीक अक्षरांतली कलमे. शस्त्रक्रियेत धोका असतोच. अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या २००९ च्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांत हजारी तीन माणसे दगावली. नंतर ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि रक्त वेळच्या वेळी तपासावे लागते. वर सांगितलेल्या तुलनेत मुलांमध्ये लोहाची तूट आणि पुन्हा पोटावर शस्त्रक्रिया करण्याची पाळी, ही दोन्ही प्रौढांपेक्षा अधिक आढळली. जठराची नळी केलेल्या कित्येकांना जळजळ मागे लागते. पित्ताचे खडे होऊ शकतात. काही महिने केस गळतात, कातडी सैल पडते. दारू लवकर चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो. मुलींनी वर्ष दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. आणि निष्काळजीपणा केला तर वजन काही अंशी परत येते. पंगतीत बसून ‘आणखी एक पुरी’ हा आग्रह पुन्हा कधी मान्य करता येत नाही. वऱ्हाडात हे कलम काही लहान समजू नका!

तिसरी वाटही आता निघाली आहे. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही आठवड्याला टोचावयाची औषधे वजन उतरविण्यासाठी २०२५ साली आपल्या बाजारात आली. त्यांनी वजन चांगले उतरते, पण औषध थांबविले की बहुतेकांचे बरेचसे परत येते. डॉक्टरला या वाटेविषयीही विचारल्याशिवाय सही करू नये.

आमच्या त्या मुलाने तीन महिने घेतले. शल्यचिकित्सक, मधुमेहाचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ, चौघांनाही भेटला. नागपूरला शेवटच्या बोलण्याच्या वेळी त्याचे वडील आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. वडील म्हणाले, ‘भाऊ, आत जाऊन आपन काही सांगाव का?’ आम्ही म्हटले, ‘नाही. जन्मभर गोळ्या त्याला घ्यायच्या आहेत, होकार त्याचाच पाहिजे.’ मुलाने होकार दिला. बायपास झाला. दोन वर्षांत वजन ९१ वर आले, मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, झोप सुधारली.

येथे गोष्ट संपवली असती तर ती जाहिरात झाली असती. दुसऱ्या वर्षी पोराला वाटले, आता आपण बरे झालो. त्याने जीवनसत्त्वाच्या गोळ्या सोडल्या, तपासणी चुकविली. तळपाय मुंग्या आल्यासारखे होऊ लागले, जिना चढताना धाप लागू लागली. रक्तात ब-१२ आणि लोह दोन्ही खाली गेले होते. इंजेक्शने घेऊन सावरला. दोष शस्त्रक्रियेचा नव्हता, कराराचे कलम मोडल्याचा होता. आता त्याची आई रोज रात्री गोळ्यांची डबी जेवणाच्या पाटाशेजारी ठेवते.

दुसरी हकीकत आपल्या अकोल्याची. डाळमिलमध्ये काम करणाऱ्या एक ताई आपल्या चोवीस वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. तीन ठिकाणांहून नकार आला होता, ‘मुलगी जाड आहे’ म्हणून. ताई गळ्यातले सोने मोडून ऑपरेशन करावयास निघाल्या होत्या. उंची १५५, वजन ६३. भागाकार केला, सव्वीस आले. साखर नाही, रक्तदाब नाही. मुलगी गप्प बसली होती. आम्ही विचारले, ‘बाळ, तुला स्वतःला काय त्रास होतो?’ ती म्हणाली, ‘मले काहीच त्रास नाही काका. जे पाह्याले येतात त्याह्यले होते.’

१९९१ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेची रेषा चाळीस, आणि सोबत गंभीर आजार असल्यास पस्तीस, अशी ठरली होती. २०२२ साली शल्यचिकित्सकांच्या जागतिक संघटनांनी ती खाली आणली, आशियाई लोकांसाठी साडेसत्तावीसपासून विचार करावा असे सांगितले. मुलगी या खालच्या रेषेच्याही आत होती. डॉक्टरांनी साफ नाही म्हटले. चालणे आणि खाण्यातला थोडा बदल एवढेच सांगितले. सोने घरात राहिले. लग्न अद्याप ठरलेले नाही, आणि मुलगी नोकरी करून आनंदात आहे. ज्या रोगावर इलाज करावयाचा तो मुलीच्या पोटात नव्हता, पाहायला येणाऱ्यांच्या डोळ्यांत होता. त्यावर कोणत्याही शल्यचिकित्सकाकडे शस्त्र नाही, ते काम आपणा सर्वांचे आहे.

दोन लेकरे, प्रश्न एकच, उत्तरे उलट. म्हणून ‘करावे की करू नये’ असे सरसकट उत्तर आम्ही देत नाही. आजार आहे काय, हे डॉक्टर सांगतील. इच्छा कोणाची आहे, हे मुलाला एकट्याला बसवून विचारले तर कळेल. आणि चाळिशीत, संसाराच्या धकाधकीत, ही गोळी मी घेत राहीन काय, याचे उत्तर त्याचे त्यानेच द्यावयाचे आहे.

पैशाचेही बोलले पाहिजे, कारण खर्च लाखांत जातो. विमा नियामकाने २०१९ साली ठरविलेल्या कलमांप्रमाणे वय अठराच्या पुढे, डॉक्टरांचा सल्ला, आकडा चाळीस किंवा त्याहून अधिक, अथवा पस्तीस आणि सोबत हृदयरोग, झोपेतला गंभीर श्वासरोध, आटोक्यात नसलेला मधुमेह असा आजार, आणि साधे उपाय करून झालेले असणे, या अटी पुऱ्या होत नसतील तर खर्च नाकारता येतो. डॉक्टरांची रेषा खाली आली, हे कलम मात्र जुन्याच रेषेवर लिहिलेले आहे. म्हणून आधी केलेल्या उपायांचे, वजनाचे, तपासण्यांचे कागद जपून ठेवा, आणि आपल्या कारखान्याच्या सामूहिक विम्यात हे कलम कसे आहे ते आजारी पडण्यापूर्वी वाचा. आम्हीही आमच्या पुढच्या मागणीपत्रात ते घालणार आहोत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २१ या काळात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २४ आणि पुरुषांपैकी जवळजवळ शेकडा २३ जणांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. म्हणजे या मंडपात बसलेल्या बहुतेकांच्या घरी हा विषय आज ना उद्या येणार. त्या दिवशी तुमचे लेकरू खाली मान घालून काही विचारावयास आले, तर आम्ही हसलो तसे हसू नका. त्याला बसू द्या, पाणी द्या, आणि आधी ऐकून घ्या. आमच्या त्या हसण्यात एका मुलाचे वर्ष गेले, आणि थोडक्यात प्राणही गेला असता.