लोहगाव ते काला अंब



पुण्याहून दिल्लीला विमानाला किती वेळ लागतो, असं विचारलं तर तुमच्यातले निम्मे पटकन सांगतील, दोन-सव्वादोन तास. बरोबर आहे. लोहगाव ते दिल्लीचा विमानतळ, सरळ रेषेत सुमारे ११६० किलोमीटर. वर गेलेलं विमान ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे दीड तास पुरायला हवा. पण चढणं, उतरणं, धावपट्टीसाठी रांगेत थांबणं, हे सगळं तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं. धुकं मात्र धरलेलं नसतं.

एका जानेवारीत मी मावशीला घेऊन निघालो. १४ तारखेला पानिपतच्या काला अंबला डोकं टेकवायचं, ही तिची फार जुनी इच्छा. दिल्लीत धुकं, म्हणून आमचं विमान पुण्यातच चार तास बसून. मी चिडलेलो. मावशी डब्यातला तिळगूळ काढत म्हणाली, "अरे, भाऊसाहेबांना किती दिवस लागले होते रे?"

तिथेच हिशोब मांडला. मार्च १७६० मध्ये फौज पडदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून निघाली. दिल्ली हाती आली ऑगस्टमध्ये. जवळजवळ पाच महिने! बरोबर जड तोफा, बैल, बाजारबुणगे, तीर्थयात्रेला निघालेल्या बायाबापड्या. त्यात पावसाळा, नद्यांना पूर. मावशी म्हणाली, "मग चार तासांचं काय घेऊन बसलास?"

दिल्लीत उतरलो. तिथून काला अंब शंभर-सव्वाशे किलोमीटर. गर्दीतून बाहेर पडून गाडीने पोचायला तीन तास गेले, विमानापेक्षा जास्त. पण खरं सांगू का, पानिपत समजून घ्यायचं तर हाच तुकडा मोजायला हवा. साऱ्या हिंदुस्थानाचं अंतर कापून आलेली फौज अडली ती इथे.

ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेला जाऊन कुंजपुरा जिंकलं. अब्दाली यमुनेपलीकडे होता; पुरात तो नदी ओलांडणार नाही, असा अंदाज. त्याने महिनाअखेरीस बागपतजवळ ओलांडली आणि मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. दिल्ली तीन-चार मजलांवर, आणि तिथून दाणा येईना. डिसेंबरात अंतर्वेदीत रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. उपाशी माणसं आणि जनावरं घेऊन १४ जानेवारी १७६१ ला भाऊ बाहेर पडले.

काला अंबला आज आंब्याचं झाड नाही. रक्ताने काळा पडलेला आंबा ही लोकांनी जपलेली आठवण. दिसतो तो स्मारकस्तंभ. महाराष्ट्रातून आलेली बरीच माणसं होती, कुणी फेटे बांधून, कुणी गावची माती घेऊन.

मावशीने विचारलं, "दिल्ली कुठल्या अंगाला?"

मी दक्षिणेकडे हात केला. अब्दाली त्या बाजूला होता.

"म्हणजे लढताना त्यांची तोंडं घराकडेच होती," ती म्हणाली.

मी हे इतकी वर्षं वाचत होतो, नकाशेही पाहिले होते. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

परतीचं विमान वेळेवर सुटलं. मावशी खिडकीशी बसली होती आणि लोहगाव येईपर्यंत काही बोलली नाही.