गाळाला राखीव जागा

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

मित्रांनो, मी गोदी कामगार. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला बोलावलंत. पण आज कविता नाही, तेलाबद्दल बोलायचंय.

आमच्या बंदरात जवाहर द्वीप आहे. लोक अजून बुचर आयलंडच म्हणतात. तिथं टँकर लागतो आणि कच्चं तेल पाइपातून माहुलला जातं. माहुलच्या दोन रिफायनऱ्या १९५४-५५ साली परदेशी कंपन्यांनी सुरू केल्या. एस्सोची १९७४ साली सरकारी झाली, बर्मा शेलची १९७६ साली. सरकारी झाल्या म्हणून राखीव जागा आल्या. ज्या गेटातून बाप झाडू घेऊन आत जायचा, त्याच गेटातून पोरगा ऑपरेटर म्हणून जाऊ शकला. ही कुणाची मेहेरबानी नव्हे, बाबासाहेबांची कमाई.

ऑपरेटर करतो काय? भट्टीत तेल ३५० अंशांच्या वर तापतं आणि उंच मनोऱ्यात शिरतं. हलकं वर चढतं, जड खाली बसतं. वर गॅस, नाफ्ता. मधे रॉकेल, डिझेल. तळाला काळा गाळ, त्याचं डांबर. एक ऑपरेटर कंट्रोल रूममध्ये पडद्यावर दाब, तापमान, पातळी बघतो. दुसरा बाहेर पंप आणि व्हॉल्व्हांत फिरतो. तीन पाळ्या. दिवाळी असो की १४ एप्रिल, मनोरा थांबत नाही.

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’मध्ये हिंदू समाजाला शिडी नसलेला मनोरा म्हटलं. तेलाचा मनोरा त्याच्यापेक्षा बरा! तिथला गाळसुद्धा पुन्हा तापवून, फोडून त्याचं डिझेल करतात. जातीत तळाचा तो तळालाच.

आता टाकीकडे चला. टाकी साफ करायची वेळ आली की कंत्राटदार माणसं आणतो. तळाचा गाळ काढायला कोण उतरतं? त्यांची आडनावं विचारा. कंत्राटात आपल्याला राखीव जागा नाही, पण गाळात आपोआप आहे.

उतरण्याआधी परमिट लागतं. आत प्राणवायू २१ टक्क्यांच्या आसपास हवा, पेटणारा वायू नको, हायड्रोजन सल्फाइड नको. हा सल्फाइड थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास मारतो. जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. म्हणून मीटर न लावता “वास नाय येत, उतर” म्हणणारा माणूस खून करतो. त्या परमिटावर ऑपरेटरची सही असते. सही करणारा आपला असेल तर त्याची जबाबदारी दुप्पट. कॉलनीत फ्लॅट मिळाला, आडनाव बदललं, आणि गाळात कोण उतरतंय तेच विसरला, तर राखीव जागा घेऊन काय केलंस रे भावा?

२०१९ साली केंद्र सरकारनं भारत पेट्रोलियम विकायला काढली. गिऱ्हाइकं गळाली, २०२२ साली विक्री मागं घेतली. पण डाव कळला ना? कंपनी विकली की रोस्टर गेलं. मग उरतो कंत्राटदार आणि गाळ.

म्हणून दोन कामं सांगतो. एक, दहावीवर आयटीआयमध्ये २ वर्षांचा ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ आहे; सायन्स-गणित लागतं. पोरांनी, पोरींनीही, फॉर्म भरावेत. दोन, जे आत आहेत त्यांनी मीटर स्वतः वाचल्याशिवाय सही करू नये, साहेब कितीही ओरडो. आणि कंत्राटी माणसाला युनियनच्या बाहेर ठेवू नये.

वर चढा, पण शिडी ओढून घेऊ नका.

जय भीम!